महिन्याला किती पानं

सांता ओदिलियात माणूस गेलं की घरचे आधी पाद्रीबाबांकडे जात आणि मग फिदेलिना ओस्पिनाकडे; आदराने तिला सगळे 'दोन्या' म्हणत. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झालेली ही बाई रस्त्याकडच्या खोलीत बसून मृत्यूच्या सूचना छापायची. काळी चौकट, वर क्रूस, खाली नाव, वय, पत्ता, दफनाची वेळ. एका माणसामागे वीस पानं. चर्चची भिंत, बाजाराचं फाटक, विजेचे खांब, नदीचा धक्का इथे ती चिकटली की तासाभरात गावभर कळायचं. एकदा तिच्या हातून मेलेल्याऐवजी त्याच्या भावाचं नाव छापलं गेलं, आणि तो भाऊ स्वतःच्याच सूचना फाडत, शिव्या देत तिच्या दारात आला होता. तेव्हापासून ती प्रत्येक नाव तीनदा वाचायची.

ऑगस्ट संपता संपता तिचा प्रिंटर बंद पडला. दुरुस्तीवाल्या लिबार्दोने तो उघडला, आत फुंकर मारली आणि मान हलवली.

"गेला, दोन्या फिदेलिना. आता याचीच सूचना छापा."

"कशावर छापू? तुझ्या कपाळावर?"

दुसऱ्या दिवशी तो नवा प्रिंटर घेऊन आला. हा जवळपास फुकट होता, पण शाई विकत मिळायची नाही. महिन्याचा हप्ता भरायचा. किती पानं निघाली हे यंत्र इंटरनेटवरून बोगोताच्या कंपनीला कळवणार, आणि शाई संपायच्या आत घरपोच डबी येणार. पन्नास पानांचा एक हप्ता, शंभराचा एक, तीनशेचा एक. ती चौकट ज्या सॉफ्टवेअरवर मांडायची, तेही आता महिन्याच्या भाड्यावर गेलं होतं. दोन्ही मिळून तिच्या पेन्शनला चांगलीच कात्री लागणार होती.

"आणि हप्ता चुकला तर?"

"तर डबीत शाई असूनही यंत्र छापणार नाही. तिथून बंद करतात."

"म्हणजे माझ्या घरात बसून त्यांचं ऐकणार!"

"नवऱ्यांसारखं नाही ना, ते कुणाचंच ऐकत नाहीत," लिबार्दो हसला. "मला फक्त आकडा सांगा. महिन्याला किती पानं लागतात?"

असा विचार तिने कधी केलाच नव्हता. "बघून सांगते," ती म्हणाली.

गुळाचं गरम पाणी घेऊन ती संगणकापुढे बसली आणि वर्षभराच्या सूचना एकेक उघडू लागली. जानेवारीत तीन माणसं. फेब्रुवारीत दोन. मे महिन्यापर्यंत तेच, म्हणजे शंभराचा हप्ता पुरे. जूनमध्ये चार. जुलैत सात. ऑगस्टमध्ये नऊ. तिला वाटलं, आपण कुणाला तरी दोनदा मोजलं. तिने पुन्हा मोजलं. नऊच.

मग तिची नजर वयांवर गेली. एकेचाळीस. अडतीस. बावन्न. एकोणतीस. आणि वयाखालचा पत्ता: बाऱ्यो ला इस्ला, म्हणजे ला इस्ला वस्ती. पुढच्या सूचनेवर, बाऱ्यो ला इस्ला. जूनपासूनच्या वीस जणांपैकी चौदा ला इस्लाचे. प्रत्येक नाव तीनदा वाचलं होतं तिने, पण ती स्पेलिंग वाचत होती. पुढ्यातला पेला गार झाला तरी तिने उचलला नाही.

ला इस्लात तिची धाकटी बहीण ओर्फिलिया राहत होती. फिदेलिना तशीच उठून तिच्याकडे गेली. ओर्फिलिया अंगणात पाय पसरून मक्याची कणसं सोलत होती.

"ताई, या वेळी? कोण गेलं?"

"कुणी नाही. तुमच्याकडे पाणी कुठून येतं गं?"

"वर्षानुवर्षं ठाऊक आहे की तुला. हां, एप्रिलमध्ये दरड कोसळून नळ तुटला, तेव्हापासून बोअरचं. जुन्या कातडी कारखान्याच्या आवारात पालिकेने खणून दिलीय. फुकट आहे, बाई. जरा जिभेवर नाण्यासारखं लागतं, पण कॉफीत कळत नाही."

फिदेलिनाचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. घोटे सुजून गोल झाले होते. तिने खाली वाकून अंगठ्याने दाबलं. खळगा पडला, आणि बराच वेळ तो तसाच राहिला.

"उन्हामुळे होतं ते," ओर्फिलिया म्हणाली. "असं बघू नकोस माझ्याकडे. तुझ्या गिऱ्हाइकांकडे बघितल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी फिदेलिना त्या चौदा सूचनांच्या उरलेल्या प्रती पिशवीत घालून पालिकेत गेली. पाणी खात्याच्या कारकुनाने त्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि परत सरकवल्या.

"सेन्योरा, माणसं मरतातच. कुणाची किडनी, कुणाचं यकृत. पितात किती ते बघा ना."

"यातल्या पाच बायका दारूला शिवत नव्हत्या."

"तुम्ही डॉक्टर आहात?" आता तो हसत नव्हता. "धंदा बरा चाललाय ना तुमचा? मग कशाला लोकांना घाबरवता? त्या बोअरवर मोठ्या माणसांच्या सह्या आहेत. नीट घरी जा."

'नीट' हा शब्द त्याने असा उच्चारला की पायऱ्या उतरताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

घरी येऊन तिने लिबार्दोला फोन केला. "तीनशेचा हप्ता लाव."

"तीनशे? गाव संपवायचा विचार आहे की काय?"

"ये आणि बघ."

तो आला. पडद्यावर नेहमीची काळी चौकट होती, वर क्रूस होता. पण मधे एकाच माणसाचं नाव नव्हतं. 'ला इस्लातल्या बोअरचं पाणी पिऊ नका', आणि त्याखाली चौदा नावं, वयं, तारखा. लिबार्दो वाचत वाचत खाली आला आणि सातव्या नावापाशी थांबला. तो त्याचा मेहुणा होता. पुढे त्याने एकही विनोद केला नाही. यंत्र जोडलं, कागद भरला. दोनशे पानं निघाली.

पहाटे दोघांनी मिळून ती चिकटवली. धक्क्यापाशी एक पांढरी गाडी दिवे न लावता त्यांच्या मागून हळूहळू येत होती. ते थांबले की ती थांबायची. कुणी खाली उतरलं नाही.

नऊ वाजेपर्यंत पालिकेच्या माणसांनी बहुतेक पानं खरवडून काढली. पण काळी चौकट दिसली की सांता ओदिलियात माणूस थांबून वाचतोच. दुपारी बोअरवर कोणी नव्हतं, आणि चर्चच्या नळावर बादल्यांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. आठवड्याने प्रांताच्या प्रयोगशाळेची माणसं बाटल्या भरून घेऊन गेली. निकाल कुणालाच कळवला नाही. एका सकाळी मात्र पंपाला साखळी आणि कुलूप दिसलं. कुणी लावलं, हे विचारायला गेलेल्यांना पालिकेत उत्तर मिळालं नाही.

फिदेलिनाच्या दारावर दोनदा कुणीतरी लाल रंगाने क्रूस काढला. तिने तो रॉकेलने पुसला. सप्टेंबरमध्ये ला इस्लातली आणखी सहा माणसं गेली, ऑक्टोबरमध्ये तीन. त्यांच्या सूचना तिनेच छापल्या, पैसे न घेता. ओर्फिलियाला नेइव्हा शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्ततपासणीचे कागद पाहिले आणि आधी विचारलं, घरात आणखी किती जण तेच पाणी पीत होते.

नोव्हेंबरात लिबार्दो प्रिंटरची साफसफाई करायला आला.

"दोन्या, या महिन्यात साठही पानं झाली नाहीत. फुकट पैसे जातायत. शंभराच्या हप्त्यावर येऊ या?"

ती खिडकीतून रस्त्याकडे बघत होती. ला इस्लाकडून आणखी एक सुजल्या पायांची बाई मुलीच्या खांद्यावर भार टाकून येत होती, दर चार पावलांनी थांबत.

"राहू दे अजून," फिदेलिना म्हणाली.

लिबार्दोने तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं आणि झाकण बंद केलं. तिने पर्स उचलली. इस्पितळात ओर्फिलियाचं रक्त यंत्राने शुद्ध करायचा तो दिवस होता, आणि नेइव्हाची बस साडेदहाला सुटायची.