वास नसलेलं दूध

हुंगेमामा दूध जिभेला कधी लावत नसत. कॅनचं झाकण वीतभर उचलायचं, डोळे मिटायचे, नाक पुढं करायचं आणि सांगायचं, घ्या. किंवा परत पाठवा. शिरूर कासारहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. मामा तिथं ग्रेडर होते, म्हणजे आलेलं दूध आधी त्यांच्या नाकाखालून जायचं आणि मगच माझ्या प्रयोगशाळेत यायचं. मी डिप्लोमा करून नुकतीच रुजू झाले होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण आसपासच्या सगळ्या गावांना ते हुंगेमामाच.

नाकाला ते फार जपायचे. कच्चा कांदा नाही, तंबाखू नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. पोटच्या मुलीच्या लग्नात अत्तरदाणी फिरायला लागली तेव्हा ते उठून मांडवाबाहेर जाऊन बसले होते म्हणे. मी एकदा त्यांना त्यावरून छेडलं. ते म्हणाले, "उद्या सकाळी सातला कॅन येणारच की, ताई. तिकडं शहरात झाकण उघडून बघणारं कोनी न्हाई. त्यांच्या वाटचं मी हुंगतो."

दूध कोणत्या घरचं, हे ते झाकण उचलल्यावर सांगत. हिची गाय उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर आहे, हिनं काल कडबा भिजवून घातला. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला आणि त्यांच्या या ओळखण्याची भीती वाटायला लागली. एका सकाळी ते झाकण धरून बराच वेळ तसेच उभे राहिले. मग कॅन घेऊन आलेल्या माणसाला हळू आवाजात म्हणाले, "म्हशीला आता चारा छावणीत नेऊ नकोस. घरीच बस तिच्यापाशी." माणसानं म्हशीला दोन वेळा व्यवस्थित चारा खाताना पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हैस गेली. असं आणखी दोनदा झालं. त्यानंतर मामांनी डोळे मिटले की रांगेतली माणसं मान खाली घालून उभी राहायची.

दिवाळीनंतर वाड्या ओस पडल्या. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, उरलेली जनावरं छावणीत गेली किंवा बाजारात. रोज दोन-तीन कॅन कमी व्हायचे. फक्त डोंगराकडच्या एका वाडीचं दूध वाढत होतं. त्या वाडीचं नाव मी लिहीत नाही, माणसं अजून तिथं राहतात. आधी एक कॅन यायचा, मग तीन, मग सहा. टेम्पोवाला सांगायचा की फाट्यावर कॅन मांडून ठेवलेले असतात, जवळ माणूस कधी दिसत नाही.

त्या कॅनपाशी मामा पहिल्यांदा अडखळले ते माझ्या लक्षात आहे. त्यांनी दोनदा झाकण उघडलं, दोनदा लावलं.

"ताई, याला वासच न्हाई."

मी म्हणाले, वास नाही म्हणजे चांगलंच की. फॅट बरोबर होतं, लॅक्टोमीटर बरोबर होता. केंद्रात होत्या तेवढ्या सगळ्या तपासण्या मी केल्या आणि एकीतही खोट निघाली नाही.

"मेलेल्या जनावराला बी वास असतो," मामा म्हणाले. "हे दूध जलमलंच न्हाई."

तरी आठ दिवस मी सह्या करत राहिले. माझ्याकडे आकडे होते आणि त्यांच्याकडे नुसतं नाक. नवव्या दिवशी मामा म्हणाले, चला, डोळ्यानं बघून येऊ.

आम्ही भर दुपारी वाडीत पोचलो. दारोदार कुलपं होती. गव्हाणींत कोळ्यांनी जाळी विणली होती, दावी खुंट्यांना तशीच लोंबत होती, आणि सगळ्या वाडीत शेणाचा एक पो नव्हता. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. शेवटच्या घराच्या पडवीत आमचे सहा कॅन धुऊन पालथे घातलेले होते. त्यांच्या काठावरून अजून पाणी ठिबकत होतं. वाडीची विहीर कोरडी होती आणि पाण्याचा टँकर येऊन चार दिवस झाले होते. मी हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही.

परत निघालो तेव्हा एका दारात म्हातारी बसलेली दिसली. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. मुलगा-सून तोडीला गेलेले, शेजारच्या वस्तीवरून कुणीतरी भाकरी आणून देई. मामांनी विचारलं, आजी, वाडीत जनावरं किती हायती? ती म्हणाली, एक बी न्हाई, माझी म्हस तर पोळ्यालाच मेली. मग ती हसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पर पहाटं येतात. रोज धार ऐकू येती मला. माझ्या म्हशीची बी येती."

शेवटच्या घरात पहाटे पिंपात पावडर आणि तेल ओतून खोटं दूध घुसळलं जात असेल, हे मला कळत होतं. तरी परतीच्या रस्त्यावर म्हातारीचं हसणं आठवून दुपारच्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी मामांनी ते कॅन अडवले. संघाचे चेअरमन स्वतः आले. ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. त्यांना आधीपासून माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी मामांना शेजारी बसवून शांतपणे समजावलं. एवढं दूध कमी झालं तर दुधाच्या टँकरची फेरी परवडणार नाही, संघ केंद्र बंद करील. मग ज्या बायकांनी जिवाचं रान करून एकेक गाय जगवली आहे, त्यांनी दूध घालायचं कुठं? त्यांत मामांची सख्खी बहीणही होती. शहरातल्या एवढ्या दुधात हे सहा कॅन कुणाला कळणार आहेत?

मामांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "साहेब, तुमचं खोटं न्हाई. पर पिणारं लेकरू मला दिसत न्हाई म्हणून ते न्हाईच, असं मी कसं म्हणू?"

चेअरमन माझ्याकडे वळले. तपासणी काय म्हणते, ताई? तपासणीत पास आहे, मी म्हणाले. ते खरंच होतं. वाडीचं मी काही बोलले नाही.

मामांनी एकट्यानं सहा कॅन ओढत आवाराबाहेर नेले आणि ओतले. आवारातली कुत्री धावत आली, नाक लावून मागं सरली. भेगाळलेल्या जमिनीवर तो पांढरा थर कितीतरी दिवस तसाच राहिला. त्याला मुंगी लागली नाही. नोंदवहीत मामांनी 'नापास' लिहून सही केली. खाली माझी सही पडली ती दुसऱ्या दिवशी.

वाडीचे कॅन बंद झाले आणि महिन्याभरात केंद्रही बंद झालं. चेअरमन म्हणाले होते तसंच झालं. मामांच्या बहिणीनं गाय बाजारात नेली. तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि मामांनी तिला कधी दोष दिला नाही.

पुढं नोकरीतल्या एका प्रशिक्षणात व्यावसायिक नीतिमत्तेवर व्याख्यान होतं. कुणी कृतीचा परिणाम बघून ती चांगली की वाईट ठरवतं, कुणी परिणाम बाजूला ठेवून कर्तव्य बघतं, आणि कुणी विचारतं की अशा वागण्यानं माणूस कसा घडतो. मी वहीत चेअरमन लिहिलं, मामा लिहिलं. माझं नाव कुठं लिहावं ते कळेना. व्याख्यात्यांनी सोडवायला दिलेली उदाहरणंही मला फार सोपी वाटली.

मामांची शेवटची भेट केंद्र बंद झाल्यावर आठेक महिन्यांनी झाली, पाटोद्याच्या आठवडी बाजारात. खंगले होते. चहा घेताना त्यांनी सांगितलं, "म्हातारीकडं गेलतो." केंद्र बंद झाल्यापासून ते दर आठवड्याला वाडीत जात होते. पहिल्याच खेपेला तिनं विचारलं होतं, आता धार कावून ऐकू येत न्हाई? आणि मामांच्या तोंडून गेलं, आजी, तुमची म्हस गाभण हाय, आटलीय.

तेव्हापासून ती दर खेपेला कितवा महिना ते विचारायची. मामा महिना सांगायचे. उन्हाळ्यात मुलगा-सून परत आले तर त्यांनीही तेच सांगितलं, वाडीनंही सांगितलं. म्हातारी त्या हिशेबानं दिवस काढत होती. तिनं अंगणात गोठ्याची जागा सारवून घेतली होती.

"आता दहावा लागला, ताई," मामा म्हणाले. "आता काय सांगू?"

मी म्हणाले, सांगा, रेडी झाली.

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता नाही म्हणतील.

"नाव काय ठिवावं तिचं?" त्यांनी विचारलं.

मी एक नाव सांगितलं. ते त्यांनी दोनदा हळू म्हणून बघितलं, आणि वाडीकडच्या गाडीत जाऊन बसले.