बिनहळदीचं वरण

अण्णा गेल्याची बातमी मला तारेनं नाही, एका टेंपोवाल्यानं दिली. उदगीरला आमच्या शाळेच्या फाटकाशी तो डोक्याचा रुमाल हातात घेऊन उभा होता. बसवकल्याणहून आणलेला माल उतरवायच्या आधी तो माझ्याकडे आला होता. "बाई, अण्णा गेले," एवढंच म्हणाला. सकाळी शेडचं दार उघडून अण्णा स्टुलावर बसला, तो उठलाच नाही... माझा हा थोरला भाऊ, शरणप्पा, रेडिएटर दुरुस्त करायचा. आळंदपासून हुमनाबादपर्यंत ज्याची गाडी तापायची तो त्याच्याकडे यायचा, तेव्हा त्याच्या मरणाची बातमी पोस्टाच्या आधी रस्त्यानं आली यात नवल नाही. मी पोचेपर्यंत आमच्या लिंगायतांच्या रीतीनं त्याला मातीत बसवून झालं होतं. तोंड बघायला मिळालं नाही. या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

गाडी तापली की माणसं घाबरून आधी झाकण उघडायला धावतात. अण्णा आधी त्यांना मागं सारायचा. वाफ जरा निवली की एक हात वरच्या रबरी पाईपवर ठेवायचा, दुसरा खालच्या. दोन्ही तापलेले असले तर पाणी फिरतंय, दुखणं पंख्यात नाहीतर पट्ट्यात शोधायचं. वरचा चटका देतोय आणि खालचा थंड आहे, म्हणजे रेडिएटर आतून तुंबला. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा तो डोळे मिटून उभा राहायचा. "जीभ पण दाखवायला सांग की तिला," अशी मी चेष्टा करायची. तो हसायचा नाही. खाऱ्या विहिरीचं पाणी भरणाऱ्यांना, ढिल्या पट्ट्यावर गाडी दामटणाऱ्यांना तो असा झापायचा की चांगले मिशाळ ड्रायव्हर खाली मान घालून ऐकायचे. पण रेडिएटरमध्ये हळद निघाली की अण्णा गप्प. मुकाट्यानं वरची टाकी उघडायचा, एकेका नळीतून पट्टी घालून पिवळा गाळ काढायचा, पुन्हा कथलाचा डाख देऊन टाकी बसवायचा. का, ते जगात दोघांनाच ठाऊक होतं, एक तो आणि दुसरी मी. निदान अशी माझी समजूत होती.

बाहेरच्या वाचकांना हळदीचं नवल वाटेल. रेडिएटरला बारीक भोक पडलं की त्यात चिमूटभर हळद टाकायची, ती गळतीच्या जागी जाऊन बसते आणि थेंब थांबतो. आमच्याकडचे सगळे ड्रायव्हर हे करायचे. म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक व्हायच्या आधीचा उन्हाळा. आम्ही तेव्हा कोहिनूर गावाजवळच्या आमच्या खेड्यात राहत होतो आणि अण्णाकडे एक जुनी जीप होती. तुरीची पोती, वऱ्हाडं, बाजारकरी, सगळं तिच्यातून जायचं. नागम्मा वैनीचे दिवस भरत आले होते. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर राहिलेलं हे पहिलंच, त्यामुळे आमची अव्वा, म्हणजे आई, जमिनीवरून दोन बोटं वर चालत होती. नेमकी तेव्हाच जीप अंगणात थेंब थेंब गळायला लागली. अण्णानं चमचाभर हळद टाकली, गळती थांबली, बसवकल्याणला जाऊन डाख द्यायचा बेत त्यानं पुढं ढकलला. हे सगळं अव्वानं बघितलं होतं.

अव्वाचा हळदीवर फार जीव. कापलं, भाजलं, मुरगळलं, सगळ्यावर तिची हळद. हळदीनं भरत नाही अशी जखम तिला ठाऊक नव्हती. रोज पहाटे ती सडा घालून जीपला कुंकू लावायची, हात जोडायची. तेव्हाच ती आणखी काय करत होती ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही.

वैनीच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि सुईणीनं हात टेकले. मूल आडवं होतं. भर दुपारी दवाखान्यात न्यायला वैनीला जीपमध्ये मागं घोंगडीवर निजवलं, तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. अव्वा देवापुढं बसली. अर्ध्या वाटेवर, चढाला, बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. अण्णानं जीप थांबवली, बॉनेट उघडलं आणि दोन्ही पाईपांवर हात ठेवले. वरच्यानं त्याची कातडी भाजली, तरी त्यानं हात लगेच काढला नाही. खालचा थंड होता.

शेतातला एक माणूस घागर घेऊन धावत आला. "कामून थांबलाव? घाला की पाणी," तो म्हणाला. अण्णानं त्याचा हात धरला. तापल्या इंजिनात गार पाणी एकदम गेलं तर ते तडकतं, मग गाडी तिथून हलतच नाही. मागं वैनी ओरडत होती आणि पुढं अण्णा भरलेल्या घागरीशेजारी हात बांधून उभा होता. त्या उभं राहण्याएवढी कठीण गोष्ट मी आयुष्यात दुसरी बघितली नाही. शेवटी त्यानं रेडिएटरची खालची तोटी उघडली. काहीच आलं नाही. तार घालून टोचलं तेव्हा पातळ शेणासारखा पिवळाधमक गाळ ओघळला... वैनीसाठी घोटभर पाणी घ्यायला मी उतरले होते, मीही तो पाहिला.

"म्या चमचाभर टाकली व्हती," तो म्हणाला. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. घरात पहाटे जीपपाशी जाणारं माणूस एकच होतं.

"अव्वाला सांगू नको, मादेवी. कवाच न्हाई."

इंजिन निवल्यावर अण्णानं पाणी ओतलं, थोडं धरलं, थोडं वाहून गेलं. जीप जरा चालायची, पुन्हा तापायची, पुन्हा थांबायची. दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मुलगा झाला, मेलेला. वैनी वाचली, पण पुन्हा तिची कूस उजवली नाही.

"गाडीत पाणी बगायचं सुदा झालं न्हाई तुला?" अव्वानं दारातच विचारलं.

"व्हय अव्वा. चुकलं."

अव्वा जगली तोवर हे बोलणं होतंच. आल्यागेल्याला ती सांगायची की माझा नातू ह्याच्या आळसानं गेला, आणि अण्णा तिथंच बसून ऐकायचा. एकदा मला राहवलं नाही, मी तोंड उघडलं, तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी घास गिळावा तशी गोष्ट गिळली. जीप त्यानं विकली. रेडिएटरचं काम शिकून बसवकल्याणला शेड टाकलं, अव्वाला आणि वैनीला तिकडंच नेलं. लोक म्हणाले, ठेच लागली की माणूस शहाणा होतो. बोलणाऱ्याचं काय जातं. अव्वा शेवटच्या दुखण्यात त्याच्याच हातून पाणी पिऊन गेली, आणि ती गेल्यावर तरी हा मोकळा होईल असं मला वाटलं होतं. तो उलट आणखीच मिटला.

त्या घरी एक गोष्ट मला कधी आवडली नाही, ती म्हणजे तिथलं वरण. तुरीच्या मुलखात राहून पांढरंफटक, बिनहळदीचं. अण्णाला हळद बाधते असं वैनी सांगायची, आणि आजाऱ्याचं वरण म्हणून मी नाक मुरडून जेवायची. अण्णा मात्र ताट कधी उष्टं टाकत नसे.

परवा सुट्टीत गेले होते. शेडला कुलूप होतं. वैनी घरात एकटी. तिनं दोन ताटं केली, वरण पांढरंच होतं. "वैनी, आता तरी हळद घाला की," मी म्हणाले. बोलल्यावर माझंच मला वाईट वाटलं.

वैनीनं पळी वरणात परत ठेवली.

"त्या दिसी वाफंला हळदीचा वास व्हता, मादेवी," ती म्हणाली. "म्या मागं पडल्या पडल्या वळखलं. घरातला डबा रिकामा हुयाला लागला व्हता, ते बी म्हाईत व्हतं मला."

इतकी वर्षं ती अण्णाला का बोलली नाही, असं मी कसंबसं विचारलं.

"मला कळलंय हे त्यास्नी कळलं असतं, तर म्या अव्वाला रोज भाकर वाढते ती रागानं वाढते का काय, हेच ते बघत बसले असते. अन् पिवळं वरण त्यांच्या ताटात म्या कसं वाढावं?"

म्हणजे अण्णाला कधीच हळद बाधत नव्हती. त्यानं ती कधी मागितली नाही, आणि तिनं ती कधी घातली नाही. एका घरात, एका ताटावर, दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत राहिली... अण्णा तर ही गोष्ट बायकोला ठाऊकच नाही असं समजून मातीत गेला. तिला ठाऊक आहे हे कळून तरी त्याला हलकं वाटलं असतं का, कोण जाणे.

वैनीनं माझ्या भातावर वरण वाढलं. मी जेवले, आणि त्या दिवशी मीही ताट उष्टं टाकलं नाही.