अर्ध्या आट्याचं काम

तुमचा काका नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याची टर्बोची लाल गाडी माझ्याकडे ठेवून गेला, हे तुम्हांला माहीत आहे. गेल्या वर्षी ती गाडी जवळजवळ माझ्या हातून गेलीच होती, आणि तिच्याबरोबर माझं गाडी चालवणंही, हे मात्र मी तुम्हांला सांगितलेलं नाही.

ती बंद पडायला लागली होती. वेगात असताना नाही. सिग्नलला मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की. एकदा नारायणगुड्याच्या चौकात भर गर्दीत बंद पडली. मागच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला. शेजारी तुमचे आजोबा होते. त्यांना आता फारसं दिसत नाही, त्यामुळे काय झालं, कोण धडकलं, असं ते एकसारखं विचारत राहिले. घरी आल्यावर त्यांनी ही हकीकत फोनवर तुमच्या बाबाला सांगून टाकली. बाबा रागावला नाही. गाडी आणखी एकदा रस्त्यात बंद पडली तर ती विकायची, एवढंच म्हणाला. एकदा विकली की एकाहत्तराव्या वर्षी मला दुसरी कोणी घेऊ देणार नाही, हे मला न सांगता कळलं.

बरकतपुऱ्यात आमच्या घरामागच्या गल्लीत एक मेकॅनिक आहे. पन्नाशीचा, तेलुगू माणूस. माझ्याशी मात्र हैदराबादी हिंदीत बोलतो. गाडी कुठे, किती वाजता, कितव्या गिअरमध्ये बंद पडली, हे सगळं लिहिलेला कागद मी त्याला दिला. त्याने तो अदबीने घेतला, न वाचता बॅटरीवर ठेवला आणि उडू नये म्हणून वर पाना ठेवला.

दोष त्याला लगेच सापडला. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. आपण पाय काढला की हवेची वाट एकदम बंद होते, आणि कोंडलेल्या हवेला बाहेर सोडायला एक वाल्व लागतो, कुकरच्या शिट्टीसारखा. गाडीने ‘फुस्स’ असा आवाज काढावा म्हणून काकाने बाहेरून आणलेला वाल्व बसवला होता, आणि मूळचा कुठे ठेवला ते त्याला आठवत नव्हतं. नव्या वाल्वच्या डोक्यावर एक स्क्रू होता. तो पिळला की आतली स्प्रिंग घट्ट होते. ती सैल पडली होती, म्हणून वाल्व नीट मिटत नव्हता आणि इंजिन मरत होतं. फार घट्ट केली तर हवा उलटी टर्बोवरच आदळणार. अर्धा-अर्धा आटा फिरवून बघावं लागेल, मेकॅनिक म्हणाला, आणि आत बसायला कोणीतरी पाहिजे. त्याचा जोडीदार गावी गेला होता. मी म्हटलं, मी बसते.

त्याने पद्धत ठरवून दिली. तो सांगेल तेव्हा मी गाडी सुरू करायची, फेऱ्यांचा काटा तीनवर न्यायचा, पाय एकदम सोडायचा, काय होतं ते बघायचं आणि चावी बंद करायची. मग तो स्क्रू जागेवर धरून ठेवणारा नट सैल करून स्क्रू अर्धा आटा पिळणार आणि नट पुन्हा आवळणार. वाल्वच्या अगदी खालीच इंजिनाचा पट्टा फिरत होता. बॉनेट उघडं असल्यामुळे मला तो दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

पहिल्यांदा इंजिन मेलं. दुसऱ्यांदाही मेलं. तिसऱ्यांदा धडपडलं आणि मग मेलं. माझा पाय आखडला होता. चौथ्या खेपेला तो बराच वेळ आत वाकून काहीतरी करत होता. मी चावीवर बोटं ठेवून वाट बघत होते.

“चालु, चालु,” बॉनेटमागून आलं.

मी चावी फिरवली.

कापड फाटल्याचा आवाज आला आणि तो ओरडला. मी चावी बंद करून बाहेर धावले. तो दोन पावलं मागे, उजवा हात डाव्या हातात धरून उभा होता. हात पुसायचं त्याचं फडकं पट्ट्यात गुंडाळलं गेलं होतं. करंगळीच्या कडेची कातडी सोलली होती. बोटं पाचही होती; मी ती मोजली.

तो तेलुगूत बोलला होता, तेही स्वतःशी, नट आवळताना. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. भाजीवाल्या बाईला पन्नास वर्षं मी हाच शब्द सांगत आले आहे. पण त्याचं माझं बोलणं सकाळपासून हिंदीत चाललं होतं, आणि मी ऐकला तो आपला ‘चालू’.

मी चावी काढून त्याच्यापुढे धरली आणि म्हटलं, दुसऱ्या कोणाला बोलवा, मी आता बसणार नाही. त्याने हातावर पाणी ओतलं, फडकं ओढून काढलं, पट्टा दाबून तपासला.

“अम्मा, मेरी बी गलती है,” तो म्हणाला. “अब मैं ‘फिराओ’ बोलूँगा, तबीच फिराना. बाकी कुछ बी बोलूँ, गाली बी दूँ, चावी कू हाथ नक्को लगाओ.”

“और मैं फिर भूल गई तो?”

“तो मेरी औरत तुम्हारेच घर आके बैठेगी. दोनो टाइम खाना खिलाओ.”

हे बोलताना तो हसला नाही. त्याने हात पुन्हा त्याच जागी घातला. मी आत बसले आणि चावी मांडीवर ठेवली. ‘फिराओ’ ऐकू आल्यावरच लावली. पुन्हा इंजिन मेलं, पण या वेळी जरा टिकून. त्याने आणखी अर्धा आटा पिळला. मी पाय सोडला. आखूड, स्वच्छ ‘फुस्स’ झालं, काटा घसरला, एकच्या खाली जाऊन थरथरला आणि तिथेच थांबला. इंजिन चालू होतं.

संध्याकाळी आजोबांना शेजारी बसवून मी नारायणगुड्याच्या चौकात गेले. सिग्नल लाल होता. मी पाय काढला. बंद पडली का, आजोबांनी विचारलं. नाही, मी म्हटलं.

घरी येऊन तुमच्या बाबाला फोन केला. फडकं आणि करंगळी आधी सांगितली, सिग्नलचं नंतर.

“आई, सोमवारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार?”

“मी.”

“बरं,” तो म्हणाला.