आबांच्या डोक्यातलं पाणी

वडिलांच्या तोंडाचा वास मी चोरून घ्यायचो. जेवायला त्यांच्या शेजारी बसायचं, तांब्या पुढं करायच्या निमित्तानं वाकायचं आणि नाक लावायचं. मी बी.एस्सी. झालेला, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस, हायस्कुलात शास्त्र शिकवणारा. पुराव्याशिवाय बोलायचं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण वास यायचा तो नुसता तंबाखूचा.

नव्वदनंतरची ही गोष्ट. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. उमेदीत ते मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणापर्यंत पायी जायचे. पुढं मेंढरं विकली, सांगवीत ऊस लावला. तोच माणूस आता उंबऱ्यापाशी अडायला लागला. पाय भुईला चिकटल्यासारखे घासत चालायचे. वळायचं झालं तर जागच्या जागी सात-आठ पावलं. मोटर चालू करून विसरायचे. दोनदा धोतरही ओलं झालं. पारावरची माणसं म्हणायची, "मास्तर, आबांस्नी हल्ली सकाळीच चढती वाटतं." मी हसून सोडून द्यायचो आणि घरी येऊन कणग्यांमागं बाटली शोधायचो.

दर रविवारी ते एसटीनं भिगवणला जायचे, जुन्या सोबत्याकडं. हा म्हातारा एके काळी त्यांच्याबरोबर मेंढरं राखायचा. गुत्ता तिथंच असणार, असं मी धरून चाललो. एका रविवारी मागच्या गाडीनं गेलो आणि त्याच्या घरासमोरच्या लिंबामागं उभा राहिलो. अंगणात आबा मान खाली घालून बसले होते आणि म्हातारा दोन्ही अंगठ्यांनी त्यांचं डोकं दाबत होता. कपाळ, माथा, कानामागं, बोटबोट सरकत. बाटली नव्हती. म्हणजे हा भगत निघाला, मी मनात म्हटलं. दारूपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला. माझ्या घरात अंगारेधुपारे?

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून आबांना बारामतीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी त्यांना खोलीभर चालायला लावलं, वळायला लावलं आणि पुण्याला डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. पुण्यातले मेंदूचे सर्जन फोटो उजेडापुढं धरून म्हणाले, "डोक्यात पाणी साठलंय. ते रोज तयार होतं आणि रोज जिरतं. यांचं नीट जिरत नाही."

आबा शांतपणे म्हणाले, "मला म्हाईत हाय."

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी सांगितलं. मेंढराच्या डोक्यात पाण्याचा फोड झाला की ते एकाच अंगाला गोल फिरतं, कळपातून मागं राहतं. मग कवटी चाचपायची. जिथं मऊ लागेल तिथं चाकूनं उघडायचं आणि पाणी काढायचं. "भिगवणच्या म्हाताऱ्यानं माजं डोकं लई येळा चाचपलं. मऊ जागा घावंना." मी नवल वाटल्यासारखा चेहरा केला. त्यांना समजावलं, की मेंढराला ते जंतामुळं होतं, तुमचं वेगळं.

"पानी त्ये पानीच. आमी सात डोकी उघडली, दोन मेंढरं जगली. मी न्हाय डोकं उघडून घ्यायचो."

सर्जन म्हणाले, आधी पाठीतून सुईनं थोडं पाणी काढून बघू. चाल सुधारली तर ऑपरेशनचा उपयोग होईल. मला हे पटलं नाही. ज्याला ऑपरेशन करायचंय तोच चाल सुधारली म्हणून सांगणार. म्हणून सुईआधी मी स्वतः आबांना खाटेपासून खिडकीपर्यंत चालवलं. एकतीस पावलं. सुईनंतर, कुणाला न सांगता, पुन्हा चालवलं. अठराच, आणि लांब लांब. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून तिसऱ्यांदा चालवायला लागलो, तर आबा म्हणाले, "मला मुतायला जाऊ दे." आणि आपले आपण, वेळेत गेले.

नर्सनं संमतीचा कागद आणला. इंग्रजीतला. मी ऐटीत पेन काढलं.

"समदं वाचलंस?" आबांनी विचारलं.

"वाचलं."

"मग सांग, पानी परत भरलं तर काय?"

खरं सांगायचं तर निम्मा कागद मला कळला नव्हता. मी पुन्हा वरपासून वाचायला लागलो. आबा बघत राहिले. शेवटी मी उठून सर्जनना बोलावून आणलं. ते खाटेवर बसले आणि बोटानं आबांच्या अंगावर रेघ काढत बोलले, "पाणी भरणारच. म्हणून बारीक नळी आतच ठेवायची. डोक्यातून कानामागनं, कातडीखालून पोटात. मध्ये झडप असते, पाणी उलटं फिरत नाही. पोटात ते जिरतं."

"झडप तुंबली तर?"

"तुंबू शकते. पू पण होऊ शकतो. मग परत उघडावं लागतं."

सर्जन गेल्यावर आबा म्हणाले, "आत्तापत्तूर बिघडंल म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं. ह्यो खरं बोलतुया. कर सही."

मी सही केली.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी एका रविवारी आबा भिगवणला निघाले. मीही बरोबर गेलो. स्टँडपासून ते माझ्यापुढं चालत होते. म्हाताऱ्यानं त्यांच्या कानामागं अंगठा ठेवला, नळीचा उंचवटा चाचपला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "आज पोरगं बी?"

"व्हय," आबा म्हणाले. "आज अंगणात आलाय. मागल्या बारीला त्या लिंबाआड हुता."

मी खाली मान घालून बाजेवर बसलो. आबा सरकत माझ्याजवळ आले आणि माझ्या तोंडावर सावकाश फुंकर मारली.

"घे," ते म्हणाले. "आता एकदा उघड वास घेऊन बघ."