डाव्या गुडघ्याचा पट्टा

क्लबच्या धुलाईखोलीत मावशींची एकोणीस वर्षं गेली, आणि या एकोणीस वर्षांत त्यांनी फुटबॉलचा एकही सामना धड पाहिला नव्हता. सामना चालू असताना त्या प्रेक्षागृहाच्या पोटात, तळघरात, टॉवेलांच्या घड्या घालत असायच्या. वर आरडाओरडा झाला आणि छताचा पापुद्रा खाली पडला, की आपला गोल झाला. नुसताच आवाज आला आणि पापुद्रा जागचा हलला नाही, की हुकला. पापुद्रे झाडून टाकायचे आणि पुढचा टॉवेल उचलायचा.

तरी अकराच्या अकरा खेळाडू त्यांना पाठ होते, ते त्यांच्या शर्टांवरून. सामना संपला की चाकांच्या पेटीतून शर्ट खाली यायचे, आणि मावशी एकेक उचलून बघायच्या. कोण घसरून पडला, कोणाला पाडलं, कोण नुसता पडल्याचं नाटक करून उठला, सगळं कापडावर असायचं. नऊ नंबरला त्यांनी नाव ठेवलं होतं ‘इस्त्री’. सकाळी घातलेली घडी त्याच्या शर्टावर संध्याकाळीही जशीच्या तशी. आणि सहा नंबर म्हणजे ‘चिखल्या’. त्याचा शर्ट ब्रशने घासल्याशिवाय मशीनमध्ये टाकायची सोय नव्हती.

यंदाचा हंगाम सुरू होऊन महिना झाला असेल, तेव्हा चिखल्या स्वतःच जिना उतरून खाली आला. पस्तिशीचा गडी, पण कठड्याला धरून उतरला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्याने टेबलावर ठेवलं.

“मावशी, एवढं वेगळं धुवाल? बाकीच्यांत नको.”

“का रे, सोन्याचं आहे का?”

कागदात गुडघ्याला बांधायचा काळा पट्टा होता. मलमाने चिकट झालेला, एका कडेला रक्त.

“वर कळलं तर बसवून ठेवतील,” तो म्हणाला. “करार या हंगामाबरोबर संपतोय. आणखी दोन वर्षं मिळाली की पोरीची शाळा इथेच पुरी होईल. ही चौथी शाळा आहे तिची. म्हणते, बाबा, आता मला नव्या वर्गात नाव सांगायचा कंटाळा आला.”

मावशींनी पट्टा पदराखाली घेतला. नंतर कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये हाताने धुतला आणि गरम पाण्याच्या नळीमागे वाळत घातला. तिथे कोणी डोकावत नसे. दर सामन्यानंतर हे असंच चालू राहिलं. पट्ट्याचं रबर सैल पडत गेलं, मलमाचा वास उग्र होत गेला. हिवाळ्यानंतर तर पट्टा पिळताना मावशींचाच गुडघा दुखल्यासारखा व्हायचा. चिखल्याने एकही सामना चुकवला नाही.

हंगाम संपता संपता क्लबने नवी टूम काढली. हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू निवडायला पाच जण बसणार होते: सेक्रेटरी, प्रशिक्षक, एक पत्रकार, चाहत्यांतर्फे एक, आणि कर्मचाऱ्यांतर्फे एक. कर्मचाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि निघाली मावशींची.

घरी नवरा पोट धरून हसला. बस चालवून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर समोरच्या काचेतून जग बघितल्यामुळे आता टीव्हीच्या काचेतून बघत असे. “मोलाचा खेळाडू निवडायला मोलकरीण! झकास!”

“अहो, मोलकरणीलाच मोल कळतं. तुम्हाला काय कळणार? तुम्ही जन्मभर नुसता हॉर्न वाजवलात.”

“यात कळायचंय काय? नऊ नंबर! बावीस गोल! तुझ्या त्या चिखल्याचे किती?”

“दोन.”

“आणि त्यातला एक आपल्याच जाळीत!” नवऱ्याने मांडीवर थाप मारली. मावशींनी त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि टीव्ही बंद केला.

बैठक दुपारी होती, वरच्या मजल्यावर. मावशी त्या मजल्यावर पडदे धुवायला न्यायला तेवढ्या जात. लांबलचक टेबलाच्या काचेत सगळ्यांच्या हनुवट्या उलट्या दिसत होत्या. चाहत्यांतर्फे आलेला माणूस पेशाने न्हावी होता. त्याच्या दुकानात चारही भिंतींवर इस्त्रीची चित्रं होती म्हणे.

सेक्रेटरींनी कागद वाटले. “बावीस गोल, नऊ गोलांना मदत. मला वाटतं, चर्चा दहा मिनिटांत आटपेल.”

“पाच मिनिटांत,” पत्रकार म्हणाला. “माझी बातमी लिहून तयार आहे.”

प्रशिक्षक खुर्चीत पुढे सरकले. “सहा नंबर मैदानात नसता, तर त्या बावीसमधले बारा झाले नसते. चेंडू हिसकावून आणतो कोण?”

“हिसकावणारे बाजारात ढिगाने मिळतात,” सेक्रेटरी म्हणाले. “गोल करणारा मिळत नाही.”

न्हाव्याने घसा साफ केला. “माझ्या गिऱ्हाइकांना विचाराल तर नऊ नंबर. केससुद्धा त्याच्यासारखेच कापून मागतात. सहा नंबरसारखे कापा, असं आजवर एकाने म्हटलेलं नाही.”

“त्याला केस आहेत कुठे!” पत्रकार म्हणाला, आणि सगळे हसले.

मावशी हसल्या नाहीत. “मी बोलू का?”

“बोला ना, मावशी. तुमचंही मत तेवढंच,” सेक्रेटरी घड्याळाकडे बघत म्हणाले.

“साहेब, तुम्ही वरून बघता, मी खालून बघते. नऊ नंबरचा शर्ट मी कधीकधी न धुताच परत पाठवला असता तरी चाललं असतं. सहा नंबरच्या शर्टाला मी यंदा तीन ब्रश झिजवले.”

पत्रकार हसला. “म्हणजे ज्याचे कपडे जास्त मळतात त्याला पुरस्कार? मग माझ्या धाकट्यालाच द्या.”

पुन्हा हसू पिकलं. या वेळी न्हावीसुद्धा टेबलावर हात आपटून हसला. मावशींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एकोणीस वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. आता विचारलं, ते हसायला.

“हसू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला ठाऊक नाही तो कसा खेळलाय ते.”

“मावशी, पुरे,” प्रशिक्षक पटकन म्हणाले. “तुमचं मत कळलं. आता मतं घेऊ.”

तो ‘पुरे’ मावशींना झोंबला. बाकीचे निदान हसले तरी होते. यांनी तर तोंडच बंद केलं. “पुरे कसं? तुमच्याच खेळाडूबद्दल बोलतेय मी. फुटक्या गुडघ्याने खेळलाय तो सगळा हंगाम! मी धुते त्याचा पट्टा. दर सामन्याला रक्त. जिना उतरायचा तर कठडा धरतो, आणि तोच वर जाऊन नव्वद मिनिटं पळतो. तुमचा नऊ नंबर नखाला लागलं तरी दोन सामने बसतो. आता सांगा, मोलाचा कोण?”

खोलीत कोणी हसलं नाही. प्रशिक्षकांनी डोळे मिटून घेतले. मावशींना वाटलं, लाजले.

न्हाव्याने आपला कागद पालथा घातला. “माझा बापही असाच उभा राहायचा दुकानात,” तो हळू आवाजात म्हणाला. “पायाला पट्ट्या बांधून. सहा नंबर. माझं मत सहा नंबरला.”

तीन विरुद्ध दोन. पत्रकाराने आपली तयार बातमी घडी घालून खिशात ठेवली.

बाहेर पडताना सेक्रेटरी मावशींसाठी दार धरून उभे राहिले. असं कधी झालं नव्हतं. “मावशी, आज डोळे उघडलेत तुम्ही आमचे.”

“इश्श, मी कसली साहेब.”

“कुठल्या गुडघ्याला म्हणालात?”

“डाव्या,” मावशी म्हणाल्या. अभिमानाने म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी जेवताना नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. कोण काय बोललं, न्हावी कसा फिरला, साहेबांनी दार कसं धरलं. नवरा ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, “आणि गुडघ्याचं सेक्रेटरीसमोर बोललीस?”

“मग कोणासमोर बोलू?”

गुडघ्यावरचा टॉवेल त्याने उगाच नीट केला. मावशींचा घास हातातच राहिला.

तिसऱ्या दिवशी चिखल्याला तपासणीला पाठवलं. नेहमीचीच तपासणी, म्हणाले. फक्त या खेपेला डाव्या गुडघ्याचे फोटो काढले, आणि बाकी कोणाचे काढले नाहीत. सोहळा आठवड्याने झाला. मावशी या वेळी वर गेल्या, मागच्या रांगेत उभ्या राहिल्या. चिखल्याने चषक घेतला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्याची मुलगी खुर्चीवर चढून शिट्टी मारत होती. सेक्रेटरी भाषणात म्हणाले, अशा खेळाडूचं ऋण क्लब कधी विसरणार नाही. करार वाढवणार नसल्याचं पत्र त्याला सकाळीच मिळालं होतं.

सामान परत करायला तो खाली आला तेव्हा मावशी शर्टांच्या पाठीवरची नावं उसवत होत्या. जाणाऱ्यांची नावं काढायची, नंबर ठेवायचे, अशी रीत. त्यांच्या मांडीवर सहा नंबरच होता. त्यांनी तो घाईने खाली सारला.

“प्रशिक्षकांना ठाऊक होतं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “पहिल्यापासून. मला कधी बोलले नाहीत ते.”

मावशींनी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला.

“फार छान बोललात म्हणे तुम्ही, मावशी. न्हावी भेटला होता. रडत होता सांगताना.”

“पोरगी काय म्हणते?”

“पाचवी शाळा,” तो म्हणाला. “चषक मात्र नव्या वर्गात घेऊन जाणार आहे. दाखवायला.”

त्याने टॉवेल ठेवले, मोजे ठेवले, यादीवर सही केली. कठडा धरून एकेक पायरी वर गेला. पट्टा नळीमागेच होता. त्याने मागितला नाही, मावशींनी दिला नाही. तो दिसेनासा झाल्यावर त्यांनी पट्टा काढला. कडक वाळला होता, गुडघ्याच्या जागी बाक धरून. त्यांनी तो पुन्हा भिजवला, साबण लावला आणि घासू लागल्या. रक्ताचा डाग कधीच गेला होता. तरी त्या घासत राहिल्या.