घोळणा आणि आमची शेजारीण

सेलूत उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या कुणा लेकराचा घोळणा फुटला, की शेजारीणबाई फोडलेला कांदा घेऊन हजर. बोलवायची गरजच नाही. "उष्णता झाली. मान वर कर, कांदा हुंग," हे त्यांचं ठरलेलं. परवा माझ्या नातीच्या नाकातून रक्त आलं, तर मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी तिची मान मागं दाबून धरली. रक्त घशात उतरलं, पोरीला भडाभडा उलटी झाली.

डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेनं नाक आतून सुकतं, त्यात लेकरं बोट घालतात अन् नख लागतं; मान पुढं झुकवा अन् नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. मी बाईंना हे सगळं सांगितलं.

"मावशी, डॉक्टर कालचं पोरगं हाय. त्याला काय कळतंय उष्णतेचं?"

अशा माणसापुढं किती डोकं फोडावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येऊन बघते, तर बाई नातीला मांडीवर घेऊन तिची नखं काढायल्यात.

"बघायल्या काय मावशी? उष्णतेनं नखं लय वाढतात."