नाला पुढून जातो

उत्तरेश्वर बारबोले यांना कुणी खोटं बोललेलं एक वेळ चालतं. खोट्यामागे माणसाचा काहीतरी हेतू असतो, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं बोललेलं मात्र अजिबात चालत नाही. एकदा बसच्या कंडक्टरने स्टॉपचं नाव चुकीचं पुकारलं, तर हे गृहस्थ आपल्या स्टॉपवर न उतरता थेट डेपोपर्यंत गेले, तिथल्या साहेबांना चूक सांगितली आणि चालत घरी आले. वाटेल की माणूस सात पिढ्यांचा पुणेकर. छे! बार्शीकडचा. शहात्तर साली वीज मंडळात मीटर रीडर म्हणून आले तेव्हा ‘हाय’ आणि ‘न्हाय’ बोलायचे. तीन वर्षांत असे काही पुणेरी झाले, की शनिवार पेठेतल्या मुरलेल्या मंडळींनीही त्यांच्यापुढे जपून बोलावं.

रीडिंग घेता घेता त्यांना विहीरबाग पाठ झाली. विहीरबाग म्हणजे कोथरूडचा एक कोपरा, जिथे विहीर नाही आणि बागही नाही. कुठल्या जिन्याखाली मीटर आहे, कुठलं कुत्रं चावतं आणि कुठलं नुसतं भुंकतं, कुणाच्या घरी माणसं चार आणि मतदार सात, सगळं तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर तर मतदानाच्या दिवशी चिठ्ठ्या वाटायच्या टेबलावर त्यांची खुर्ची ठरलेली. पक्ष कुठला, हे विचारू नका. ज्या टेबलावर चहा बरा, त्या टेबलावर बारबोले.

या विहीरबागेला एकेकाळी स्वतःचा प्रभाग होता. क्रमांक त्रेपन्न, विहीरबाग. नगरसेवक एकच. तो सकाळी दूध आणायला निघाला की लोक गटाराची तक्रार तोंडीच सांगायचे. पुढे त्याने दूध घरपोच लावलं. मग दोन नगरसेवकांचा प्रभाग झाला आणि दोघं एकमेकांच्या घराकडे बोट दाखवू लागले. मग चार झाले, अ, ब, क आणि ड. अ म्हणायचा ब ला भेटा, ब म्हणायचा क कडे निधी आहे, क फोन उचलायचा नाही आणि ड लेकीकडे परदेशात. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं कुणीच नव्हतं. तरीही गटार तेवढंच तुंबलं, जास्त नाही अन् कमी नाही, अशी नोंद उत्तरेश्वरांच्या वहीत आहे.

दरवेळी प्रभाग फुगत गेला आणि विहीरबाग नावात मागे मागे सरकत गेली. आधी एकटी, मग जोडीने, मग तीन नावांत शेवटची. त्रेपन्नची म्हणावी अशी खूण उरली ती तीन सिमेंटच्या बाकांवर. अकरा बाकांपैकी तीन वाचले होते आणि त्यांच्या पाठीवर ‘प्रभाग क्र. ५३, विहीरबाग’ ही अक्षरं होती. दर दिवाळीला उत्तरेश्वर ऑइल पेंटचा डबा घेऊन ती अक्षरं गिरवायचे. कल्याणीताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या, “घराचा दरवाजा रंगवा म्हटलं तर कंबर धरते!”

आणि यंदा नव्या रचनेचा मसुदा आला. उत्तरेश्वरांनी तो भिंग लावून वाचला. प्रभागाच्या नावात विहीरबाग नाही! होती ती फक्त खाली, हद्दीच्या वर्णनात. म्हणजे अख्खा प्रभाग झिजत झिजत पत्त्यातल्या खुणेपुरता उरला होता. चाळीस-पन्नास वर्षं ज्या गल्ल्यांत जिने चढले, त्यांचं नाव कागदावरून जाणार, हे काही त्यांना सहन होईना. तीन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी हरकत लिहायला बसले.

पहिला मुद्दा, प्रभागाच्या नावात ‘विहीरबाग’ घ्यावे. एवढ्यावर थांबले असते तर ते बारबोले कसले? हात सवयीने पुढे चालला. दुसरा मुद्दा, हद्दीचं वर्णन चुकलेलं आहे. मसुद्यात लिहिलं होतं, की हद्दीचा नाला अनुबंध सोसायटीच्या मागून जातो. तो दोन हजार नऊ सालीच वळवला आहे. आता तो सोसायटीच्या पुढून, म्हणजे सोसायटी आणि विहीरबाग यांच्या मधून जातो. सोबत हाताने काढलेला नकाशा, नाला निळ्या पेनने.

कल्याणीताईंनी चहा ठेवताना नकाशा पाहिला. बारबोलेंचं बिऱ्हाड अनुबंधमध्येच, दुसऱ्या मजल्यावर.

“अहो, नाला पुढून दाखवलात, तर मग आपण कुठे?”

“नाला जिथे आहे तिथे आहे. आपल्या सोयीने वाहत नाही तो.”

“मी काय म्हणते, दुसरा मुद्दा राहू द्या की.”

“चूक आहे ती!”

ताई चहा ठेवून आत गेल्या.

सुनावणीला सभागृहात ही गर्दी. अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “बोला आजोबा, दोन मिनिटं.”

“एक पुरे. नाव अपूर्ण आहे आणि हद्द चुकली आहे.”

“ही विहीरबाग नक्की आहे कुठे?”

“तुमच्याच मसुद्यात, हद्दीच्या वर्णनात. हद्द सांगायला चालते, तर नावाला का नको?”

अधिकारी हसले. सकाळपासून त्यांना लोक ओरडून, हात जोडून आणि ओळखी सांगून गेले होते. नकाशा घेऊन आलेला हा पहिलाच.

अंतिम रचना जाहीर झाली. प्रभागाच्या नावात विहीरबाग! शेवटी का होईना, पण होती. उत्तरेश्वरांनी सोसायटीत पेढे वाटले. अर्धा खोका संपला असेल, तेवढ्यात सेक्रेटरी विक्रम बेलसरे कागद वाचत वाचत खाली आले.

“काका, तुमचे दोन्ही मुद्दे मान्य झालेत.”

“होय तर!”

“हद्द पुढच्या नाल्यापर्यंत. म्हणजे आपण बाहेर. हायवेपलीकडच्या प्रभागात. मतदान तिकडच्या शाळेत.” बेलसरेंनी पेढा तोंडात टाकला. “पेढा छान आहे. पुढच्या वेळी नाला कुठे आहे ते आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये घ्या. बहुमताने मागे नेऊ.”

बेचाळीस बिऱ्हाडं, एक लिफ्ट आणि सकाळ-संध्याकाळ तोच विषय. तळमजल्यावरच्या मुक्ताई आजी भेटेल त्याला सांगत, “गल्लीच्या टोकाच्या व्यायामशाळेत मत देत होते मी. आता या बाबामुळे रिक्षा!” उत्तरेश्वर ऐकून घेत. उत्तर नव्हतं असं नाही, पण ते नकाशातच होतं.

आचारसंहिता लागली आणि पालिकेची माणसं बाकांवरच्या अक्षरांवर कागद चिकटवू लागली. उत्तरेश्वर धावले. “जो प्रभाग अस्तित्वातच नाही, त्याचा प्रचार कसा होईल?” त्यातला एक जण शांतपणे म्हणाला, “काका, तुम्ही इथले का?” उत्तरेश्वर नाला ओलांडून घरी आले. त्या दिवशी बातम्यांत निवेदिकेने दोनदा तारीख चुकवली, तरी हे गप्प. कल्याणीताईंनी कपाळाला हात लावून ताप पाहिला.

जानेवारीत मतदान झालं. सकाळी दोघं रिक्षाने हायवेपलीकडे गेले, अनोळखी रांगेत उभे राहिले आणि कधी न ऐकलेल्या चार नावांसमोर बटणं दाबून आले. परतताना उत्तरेश्वरांनी रिक्षा सोसायटीच्या आधीच थांबवली. विहीरबागेत, कागद लावलेल्या बाकाशेजारी टेबल मांडलेलं होतं आणि टेबलापाशी गोंधळ. सगळे फोनमध्ये नावं शोधत होते आणि रेंज नव्हती. उत्तरेश्वर कुणाला न विचारता खुर्चीवर बसले. कल्याणीताई बाकावर टेकल्या.

एक तरुणी कपाळाला आठ्या घालून आली. “काका, माझं नेमच सापडत नाहीये.”

“पत्ता?”

“गोकुळ अपार्टमेंट, थर्ड फ्लोअर.”

“मीटर जिन्याखाली, डावीकडून चौथा. तुमच्या आधी तिथे रानडे होते.” तोंडाने हे चालू असताना बोट यादीवरून सरकत होतं. “हे घ्या. व्यायामशाळा, खोली दोन.”

मुलगी थक्क झाली. “काका, तुम्ही याच वॉर्डातले का?”

बाकावरून कल्याणीताई बघत होत्या. मागे रांगेत बेलसरेही होते. त्यांच्या बहिणीचं मत इथे होतं म्हणून तिला सोडायला आले होते. या माणसाने टोमणा मारायची संधी कधी सोडलेली नाही, पण आज त्यांनी नुसतं बहिणीला रांगेत पुढे केलं.

“इथलाच,” उत्तरेश्वर म्हणाले. “पन्नास वर्षं.”

मुलगी गेली. कल्याणीताई पुढे वाकून हळूच म्हणाल्या, “अहो, चुकीचं सांगितलंत.”

“चुकीचं नाही,” पुढची चिठ्ठी फाडत उत्तरेश्वर म्हणाले, “खोटं.”